साडूभाऊंची पाणसळ

जगात जे काही बिघडतं ते कुठंतरी एका बाजूला झुकल्यामुळंच बिघडतं, असं छातीठोकपणे मानणारा माणूस मी उभ्या जन्मात एकच पाहिला, आणि नेमका तोच माझा साडू निघाला. सासुरवाडीकडून कुणाला घड्याळ मिळतं, कुणाला अंगठी मिळते. मला हे मिळाले. बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे मानानं मोठे, अंगानं काटक, मिशी भरघोस, आणि शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी पाणसळ. गवंडी फरशी बसवताना काचेच्या नळीतला बुडबुडा बघतो ना, तीच ती वीतभर लांबीची वस्तू. गवंड्याच्या हातात ती शोभते. पण लग्नाच्या मांडवात, ऐन अक्षता पडत असताना, ती स्टेजच्या कडेला ठेवून "पाव्हणं, नवऱ्याची बाजू बोटभर खाली हाय, ह्येचं काय खरं न्हाई," असं कानात सांगणारा माणूस शेजारी असला, तर मंगलाष्टकांत कसलं लक्ष लागतंय! त्या नवऱ्याचं पुढं सगळं छान झालं, दोन पोरं झाली, स्वतःचं दुकान झालं. साडूभाऊंना हे सांगितलं की ते अजूनही मान हलवून म्हणतात, "बघू की, घाई काय हाय?"

मी साताऱ्यात घर बांधलं तेव्हा वास्तुशांतीला ते सांगलीहून आले. दारात पाणी पुढं केलं तर ते बाजूला ठेवून आधी उंबऱ्यावर गुडघे टेकून बसले. माझ्या आईला वाटलं, पाव्हणा भाविक आहे, वास्तूला नमस्कार करतोय. ते बुडबुडा बघत होते. मग बैठकीची खोली झाली, स्वयंपाकघर झालं, शेवटी भटजींना थोडं सरकायला सांगून त्यांनी देव्हाऱ्याखाली आमच्याच निमंत्रणपत्रिकेची घडी सारली आणि "आता देव सरळ बसलं," असं जाहीर केलं. जेवायला बसलो तर ताटाकडं बघत म्हणाले, "पाव्हणं, तुमची आमटी पूर्वेला निघालीया." मी हायस्कुलात तीस वर्षं भूगोल शिकवलेला माणूस. नद्या पूर्ववाहिनी असतात हे मी पोरांकडून घोकून घेतलं, पण आमटीचं पाणलोट क्षेत्र पहिल्यांदाच त्यांच्याकडून कळलं. त्यानंतर आजतागायत त्या खोलीत मला ताटातली आमटी पूर्वेला जाताना दिसते. आधी कधी दिसली नव्हती, हे शपथेवर सांगतो.

मूळचे ते कवठे महांकाळकडचे. घरची कोरडवाहू जमीन भावाकडं सोपवून फौजेत गेले आणि चोवीस वर्षं तिथल्या वर्कशॉपमध्ये डोंगरातल्या गाड्या नीट करत राहिले. आमच्या सातारा-सांगली भागात फौजेतून आलेल्या कुठल्याही माणसाला सरसकट 'मेजर' म्हणतात. दूधवाला, न्हावी, सोसायटीचा चेअरमन, सगळे त्यांना मेजरच म्हणतात, आणि साडूभाऊ प्रत्येक वेळी, अगदी प्रत्येक वेळी, "हवालदार," अशी दुरुस्ती करतात. खोटा मान त्यांना एका बाजूला झुकल्यासारखा वाटत असणार. आता सांगलीत स्थायिक झालेत. संध्याकाळी त्यांची करमणूक एकच. घरापासून जवळ रस्त्याला एक मोठं वळण आहे, तिथल्या चहाच्या टपरीवर अर्धा कप घेऊन उभं राहायचं आणि येणारी-जाणारी वाहनं कितपत झुकतात ते बघायचं. मीही एकदोनदा उभा राहिलोय. "ती पांढरी बघा. लय झुकली. आतल्यांच्या पोटातलं पाणी हाललं असंल." मग एसटी आली की आवाज मऊ होतो. "म्हातारी हाय, पण कंबर बघा, ताठ." खाकी पँट, रोखलेली नजर आणि अधूनमधून डायरीत लिहिणं हे सगळं बघून हँडलला हेल्मेट अडकवलेली पोरं घाईघाईनं ते डोक्यात घालतात. त्या एका वळणावर वाहतुकीला जी शिस्त आहे, तिचं श्रेय कुणी साडूभाऊंना दिलेलं नाही.

त्यांची स्वतःची गाडी म्हणजे एक तांबडी, छोटी, चार माणसांची. त्यांच्या हाताखाली ती रंगरुटासारखी वागते. सुरू करण्याआधी ते चारही चाकांना बुटाची एकेक ठोकर देतात, बॉनेटवर थाप मारतात आणि मग "चल गं" म्हणतात. ड्रायव्हरशेजारच्या सीटवर कायम एक खाकी पिशवी. तिच्यात पाने, पक्कड, बॅटरी, सुतळीचं बंडल, जुनी डायरी आणि एक जादा पाणसळ. मी गाडीत बसलो की पुढची जागा मला मिळते, कारण मी पाव्हणा आणि आपल्याकडं पुढची जागा मानाची. त्या मानाबरोबर पिशवी मांडीवर येते, तिचं वजन एका धडधाकट बोकडाएवढं भरेल. पूर्वी त्या जागेवर त्यांचे वडील बसायचे, ते गेल्यावर थोरले भाऊ, मग आम्ही पाव्हणे मंडळी, आणि कुणीच नसलं तर पिशवी. बायका मागं. हे कधी कुणी ठरवलं नव्हतं, त्यामुळं कुणाला मोडायचंही सुचलं नव्हतं.

आता आक्कांबद्दल सांगायला हवं. आक्का म्हणजे माझी थोरली मेहुणी, साडूभाऊंची बायको. बाई मोठी धीराची. नवरा सरहद्दीवर असताना एकटीनं घर, म्हस आणि म्हातारा सासरा सांभाळलेली. पण गाडीत बसली की संपलं. आक्कांना गाडी लागते. तशी ती पुष्कळांना लागते, पण आक्कांना नुसतं 'घाट' म्हटलं तरी तोंडाला पाणी सुटतं. लिंबू, ओवा, आल्याचा तुकडा, उलटीची गोळी, नाकाला लावायला कापूर, सगळं करून झालं. आणि आमची सासुरवाडी नेमकी घाटावर, महाबळेश्वरच्या अलीकडं, स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांमधलं पंचवीस उंबऱ्यांचं गाव. सांगलीहून साताऱ्यापर्यंत ठीक, पुढं मेढ्यापर्यंतही ठीक, पण केळघरचा घाट सुरू झाला की आक्कांचं माहेर उलट्यांच्या पलीकडं जायचं. वर पोचल्यावर सासूबाई फाटकात अर्धं कापलेलं लिंबू घेऊन उभ्याच असायच्या. गाडी थांबली की मागचं दार उघडायच्या, लेकीला धरून उतरवायच्या, आणि आक्का ज्या पडवीतल्या खाटेवर आडव्या व्हायच्या त्या दुसऱ्या दिवशी दुपारीच उठायच्या. तिसऱ्या दिवशी परत निघायचं. असं होता होता आक्कांचं जाणं कमी झालं, आणि मागची दोन वर्षं तर झालंच नाही.

सासूबाईंचं वय झालं. गेल्या दिवाळीत त्या अंगणात घसरून पडल्या. हाड मोडलं नाही, पण गुडघे कायमचे धरले आणि घाट उतरून खाली येणं बंद झालं. माझी बायको त्यांच्यापाशी जाऊन राहिली. एक दिवस ती आक्कांशी फोनवर बोलत होती, तेव्हा मागून सासूबाई तिला म्हणाल्या, "थोरलीला एकदा माझ्या घरात चालती-फिरती बघायची हाय गं. येती ती आडवी, जाती ती आडवी. पोरीचं निस्तं तळवं बघायला मिळतात मला." इकडं आक्कांचा फोन स्पीकरवर होता आणि साडूभाऊ शेजारी बसलेले होते. आक्का सांगतात, त्या दिवशी त्यांनी दुसरी भाकरी घेतली नाही. आपली गाडी, आपला हात, आणि आपल्याच गाडीतून बायको आईच्या दारात मुडद्यासारखी उतरते, हे त्यांच्या काळजाला लागलं.

दोन दिवसांनी मला फोन आला. "पाव्हणं, दुखणं सापडलं. गाडी झुकतीया." मी म्हटलं, "साडूभाऊ, वळणावर गाडी झुकणारच." म्हणाले, "किती झुकावं याला काय मर्यादा? आन् ती मागनं झुकतीया. ही मागं बसती. म्हंजे सगळा झोका हिच्या पोटात." मग त्यांनी मला मागचा बॅलन्स रॉड समजावून सांगितला. गाडीच्या मागच्या दोन चाकांना आडवी जोडणारी ही पोलादी कांब. एक बाजू दबायला लागली की ही कांब पीळ खाते आणि दुसरी बाजूही खाली ओढते, त्यामुळं गाडी सपाट राहते. "दोन बैलांवर जू असतंय बघा, तसं. एक बैल खाली बसाय लागला तर जू दुसऱ्याला म्हणतंय, तूबी ये. आपल्या गाडीला कंपनीनं जू म्हणून काडेपेटीतली काडी दिलीया." ती कांब बदलून जाड घालायची, गाडी झुकायची थांबवायची, आणि आक्कांना उलटी न होता घाट चढवायचा. मी आयुष्यभर फळ्यावर घाट काढले, पण घाटाचा इतका खोल विचार मला कधी सुचला नाही, हे मोकळेपणानं कबूल करतो.

त्यासाठी त्यांनी मिरजेतले एक चाचा गाठले. ट्रकांचे कमानपाटे तापवून, वाकवून, तेलात विझवून देणारे. मिरज म्हणजे तंबोरे-सतारीचं गाव, त्यामुळं असेल, चाचा पोलादाची कांब तयार झाली की तिला हातोडीनं एक टिचकी मारून कानाशी धरतात आणि आवाज पसंत पडला तरच गिऱ्हाइकाला देतात. साडूभाऊंनी पहिल्याच दिवशी अंगठ्याहून जाड कांब मागितली. चाचा म्हणाले, "मेजर, एवढी नको." साडूभाऊ म्हणाले, "हवालदार." चाचा म्हणाले, "हवालदार, एवढी नको. मागनं लय ताठ केली की वळणावर शेपूट पुढं यायला बघतंय. आन् एक चाक खड्ड्यात गेलं की दुसरंबी संगं रडतंय." फौजेतला माणूस ऐकतोय होय? ती कांब बसवून सांगलीपर्यंत येताना खड्ड्याखड्ड्याला गाडीनं त्यांना असं डावं-उजवं हलवलं की त्यांची कवळी निखळून पायाशी पडली. आक्कांनी त्या गाडीत बसायला साफ नकार दिला. मग दुसरी कांब, मग तिसरी. साडूभाऊ काहीही टाकून देत नाहीत. पहिल्या कांबेवर आता आक्का गोधड्या वाळत घालतात, दुसरीला बैठकीतला पडदा लटकलाय, आणि तिसरी परसात दुधी भोपळ्याच्या मांडवाला लावलीय. तो मांडव कुठल्याही वळणावर झुकणार नाही.

चौथी कांब करंगळीपेक्षा थोडी जाड निघाली. चाचांनी टिचकी मारली, डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "ही सुरात हाय." आता चाचणी घ्यायची. सांगली तव्यासारखी सपाट, तिथं घाट एकच, तो नदीचा. म्हणून साडूभाऊ दर रविवारी सकाळी साताऱ्याला यायला लागले, कारण आमच्या गावाच्या डोक्यावरच यवतेश्वरचा घाट आहे, आणि पायथ्याला मी आहे. "तुमीच पायजेत," म्हणाले. मी विचारलं, "मीच का?" तर म्हणाले, "तुमचं वजन हिच्याइतकंच भरतंय." हे वाक्य मी बायकोला फोनवर सांगितलं, बायकोनं आक्कांना सांगितलं, आणि आक्कांनी हसत हसत निरोप धाडला की त्यांचं चार किलो कमी आहे. असो. मला मागं बसवण्यात आलं, उजव्या बाजूला, आक्कांच्या जागी. मांडीवर स्वयंपाकघरातला पाट, पाटावर सुतळीनं बांधलेली पाणसळ. पुढं डॅशबोर्डवर काठोकाठ पाण्यानं भरलेलं स्टीलचं फुलपात्र. वळण आलं की साडूभाऊ ओरडणार, "रिपोर्ट!" आणि मी बुडबुड्यावरची नजर न काढता ओरडणार, "डावीकडं दीड रेघ!" यवतेश्वरला फिरायला जाणारी साताऱ्यातली निम्मी जनता माझे माजी विद्यार्थी आहेत. निवृत्त भूगोल मास्तर खिडकीतून "उजवीकडं एक रेघ!" असं किंचाळत वर जाताहेत, हे दृश्य त्यांनी चार रविवार बघितलं. एका डॉक्टर विद्यार्थ्यानं घरी येऊन हळूच माझी तब्येत विचारली.

चौथ्या रविवारी मात्र कमाल झाली. पायथ्यापासून माथ्यापर्यंत बुडबुडा अर्ध्या रेघेच्या वर हलला नाही. फुलपात्रातलं पाणी थेंबभर सांडलं नाही. सांडलो तो मी. माथ्यावर गाडी थांबताच मी दार उघडून रस्त्याच्या कडेला धावलो आणि सकाळचे पोहे शेंगदाण्यांसकट परत केले. साडूभाऊंनी मायेनं पाठीवरून हात फिरवला, बाटलीतलं पाणी दिलं आणि डायरीत लिहिलं, "गाडी ओके. पाव्हणं नॉट ओके." मग मला समजावलं, "तुमी पव्हं जास्त खाल्लं." मलाही ते पटलं. दोन शिकलीसवरलेली माणसं तिथं उभी होती, एकानं चोवीस वर्षं गाड्या दुरुस्त केलेल्या, दुसऱ्यानं तीस वर्षं पोरांना 'का? कारण काय?' असं विचारलेलं. आणि दोघांनी मिळून दोष दिला कुणाला, तर पोह्यांना.

जानेवारीत मोहीम निघाली. आक्कांनी हिरवं लुगडं नेसलं होतं, आईला आवडतं म्हणून. त्या मागं बसल्या, मी पुढं, मांडीवर पिशवी. मेढ्यापर्यंत साडूभाऊ गुणगुणत होते. घाट लागला आणि काय सांगू, गाडी खरोखर सपाट चालली होती. वळणं येत होती, जात होती, मी पुढून मजेत दरी बघत होतो. साडूभाऊ आरशात बघून विचारायचे, "बरं वाटतंय न्हवं?" मागून "हूं" यायचं. दुसऱ्यांदा बारीक "हूं" आलं. सहाव्या वळणानंतर आक्का म्हणाल्या, "आवं, थांबवा." त्यानंतर आणखी दोनदा थांबावं लागलं. साडूभाऊ एका हातानं त्यांचं कपाळ धरून, दुसऱ्या हातात पाण्याची बाटली घेऊन उभे होते. शेवटच्या वेळी आक्का गाडीत बसल्यावर ते बॅटरी घेऊन रस्त्यावर आडवे झाले आणि गाडीखाली शिरून कांब बघून आले. कांब जागच्या जागी होती, हेच त्यांचं दुःख होतं. वर पोचलो. फाटकात सासूबाई काठी टेकून, लिंबू घेऊन उभ्या. मागचं दार उघडलं, लेकीला धरलं, आणि हिरवं लुगडं पडवीतल्या खाटेवर आडवं झालं.

त्या दिवशी साडूभाऊ पायरीवर बसून राहिले. चहा निवून गेला. मी शेजारी बसलो तर म्हणाले, "रॉड ओके, रबर ओके, टायर ओके. मग हिला का वो होतंय, पाव्हणं? म्हातारीला मी काय तोंड दाखवू?" त्यांचे डोळे भरले होते आणि एवढी भरघोस मिशी, पण लपवायला कमीच पडली. मला फार वाईट वाटलं. ज्या माणसानं माझ्या देव्हाऱ्यापासून परक्याच्या लग्नापर्यंत सगळं सरळ करायला जन्म घालवला, त्याला स्वतःच्या बायकोला सरळ उभी करून तिच्या आईसमोर नेता येत नव्हतं. मी नुसता त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

तिसऱ्या दिवशी ते दोघं परत निघाले. मी दोन दिवस बायकोपाशी राहणार होतो. माहेरवाशीण रिकाम्या गाडीनं जाऊ द्यायची नाही, हा आमच्या सासूबाईंचा जुना खाक्या. डिकीत बटाट्याचं पोतं, तांदळाचं पोतं, भोपळे. डिकी भरल्यावर मागच्या सीटवर स्ट्रॉबेरीच्या पेट्या, एकावर एक, छतापर्यंत. लेक आली तशी आजारीच निघाली, म्हणून सासूबाईंनी यंदा दुप्पट भरलं असावं. साडूभाऊ "मागनं वजन लय हुतंय" म्हणत कळवळत होते, पण सासूपुढं हवालदार काय करणार? शेवटी आक्का मागच्या दाराशी आल्या आणि पेट्यांच्या फटीत अंग चोरून घुसायला लागल्या. सासूबाई वैतागल्या. "आगं, बस की पुढं! पुढं काय वाघ बसलाय व्हय?" पुढं पिशवी बसली होती. साडूभाऊंनी ती उचलली, इकडंतिकडं बघितलं आणि बटाट्यांच्या पोत्यावर ठेवली. लग्नानंतर एकतिसाव्या वर्षी आक्का नवऱ्याशेजारी बसल्या, पदर सारखा करून, पाव्हण्याच्या घरी बसावं तशा.

तासाभरात फोन वाजला. मेढ्यातून साडूभाऊ. "पाव्हणं, घाट उतरला. हिला काय झालं न्हाई!" लगेच पुढं म्हणाले, "मला वाटतंय, रॉड मुरला." लोणचं मुरतं, मुरांबा मुरतो, पण पोलादाची कांब मुरलेली मी ऐकली नव्हती. मग आक्कांनी फोन ओढून घेतला. आवाज सोळा वर्षांच्या पोरीसारखा. "दाजी, पुढनं रस्ता दिसतो वो! वळण यायच्या आधीच दिसतंय, आता वळण येणार म्हणून. मला इतकी वर्सं ह्यांच्या डोक्याची मागची बाजूच दिसायची. वळण गेल्यावर कळायचं, वळण हुतं." मी फोन ठेवला आणि यवतेश्वरचे पोहे आठवून स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला.

फेब्रुवारीत पुन्हा निघालो. साताऱ्यात गाडी दारात आली, मी सवयीनं पुढचं दार उघडलं, तर आत आक्का, तेच हिरवं लुगडं, आणि जागची हलायची चिन्हं नाहीत. "दाजी, मागं बसा," म्हणाल्या. साडूभाऊ समोर काचेकडं बघत होते, त्यांचा यात काही संबंध नसल्यासारखे. मी मागं बसलो. मान गेला, पण पिशवी मांडीवर राहिलीच. आक्का सगळ्या वाटेनं बोलत होत्या. "ते बघा कण्हेरचं पाणी. किती लांबवर हाय! एवढं मोठं धरण मी कवा बघितलंच न्हाई." घाट लागल्यावर तर वळणांची वर्दीच द्यायला लागल्या. "आता डावीकडं. आता मोठं येतंय, हळू घ्या. आवं, दरी बघा!" मला दरी दिसत नव्हती. मला साडूभाऊंच्या मानेवरचा तीळ दिसत होता आणि सीटकव्हरची शिवण. गाडी अगदी सपाट चालली होती, चाचांची कांब सुरात होती, आणि पाचव्या वळणापासून माझं तोंड खिडकीबाहेर होतं.

गाडी फाटकाशी थांबली. सासूबाई काठी टेकत पुढं आल्या. नजर आताशा अधू झालेली. सवयीनं मागच्या दाराशी गेल्या, दार उघडलं, आणि आत हात घालून "घे बाई, चोख हे," म्हणत अर्धं लिंबू माझ्या तोंडात दिलं. मिशा हाताला लागल्या तेव्हा दचकल्या. "आगं बया! ह्यो तर धाकला जावई!" तोवर आक्का आपल्या पायांनी गाडीला वळसा घालून त्यांच्यामागं येऊन उभ्या राहिल्या होत्या. "आई, मी हिकडं." सासूबाई वळल्या. पायांपासून कपाळापर्यंत लेकीकडं बघत राहिल्या. मग तिचे गाल दोन्ही हातांनी चाचपले आणि म्हणाल्या, "उभी हायस की गं तू."

आक्का त्या दिवशी खाटेवर टेकल्यासुद्धा नाहीत. चुलीपाशी गेल्या, मागच्या दारी गेल्या, फडताळ उघडून बघितलं, वाफ्यात जाऊन पदरात स्ट्रॉबेऱ्या घेऊन आल्या. त्या जातील तिकडं सासूबाई काठी टेकत मागोमाग. एकदा बायकोनं खुर्ची पुढं केली तर म्हणाल्या, "बसती मग. बघू दे मला." मी आणि साडूभाऊ पायरीवर होतो. माझ्या तोंडात अजून लिंबू. त्यांनी खिशातून पाणसळ काढली, पण कुठं ठेवली नाही, नुसतीच हातात फिरवत राहिले. मग हळूच म्हणाले, "रॉड मुरला-बिरला काय न्हाई, पाव्हणं." मी म्हटलं, "जाऊ द्या हो." म्हणाले, "पुढची सीट मोकळीच हुती की वो. एकतीस वर्सं तितं मी पानं-पक्कड बसवली." त्यातली कितीतरी वर्षं ती पिशवी माझ्याच मांडीवर होती.

आतून आक्कांचा आवाज येत होता. आईपाशी बसून त्या घाट सांगत होत्या, एकेक वळण हातानं काढून दाखवत. आमच्या सासूबाई त्या घाटानं जन्मभर वर-खाली गेल्या, बैलगाडीत, जीपमध्ये, जावयांच्या गाड्यांत, पण कायम मागं बसून. म्हातारी पुढं वाकून ऐकत होती आणि आक्का श्वास घ्यायला थांबल्या की लहान मुलीसारखं विचारत होती, "आन् मग गं? त्येच्याफुडं काय दिसतं?"